मागच्या दाराची किल्ली

हिल्मा ऑस्टरबर्गच्या कपाळावर टेंगूळ आलं, तेव्हा कुठं आमच्या हॅरो क्रीक गावाला नक्की कळलं की ऑर्फा लिंडक्विस्ट माहेरी परत आली आहे.

आली होती ती आदल्या दुपारच्या बसनं. पण तिला उतरताना पाहिलं ते पेट्रोल पंपावरच्या एमिलनं, आणि एमिल जे पाहतो त्यातलं निम्मं त्याच्या बाटलीनं पाहिलेलं असतं, असं गावाचं मत. म्हणून खात्री करून घ्यायला हिल्मा सकाळी स्वतः निघाली. हातात वेलदोडा घातलेला गरम पाव, वर धुवट फडकं. रिकाम्या हातानं गेलं तर ती चौकशी दिसते, पाव घेऊन गेलं की तो शेजारधर्म होतो, हे हिल्माला कुणी शिकवायला नको.

आमच्याकडं मागच्या दारानं, म्हणजे स्वयंपाकघराच्या दारानं, आत जायची एक रीत आहे. एका हातात पाव सांभाळायचा, दुसऱ्यानं मूठ फिरवायची, खांद्यानं दार लोटायचं आणि ‘आहेस का गं?’ म्हणत थेट टेबलापाशी पोचायचं. सगळं एका दमात. त्या दिवशी मूठ फिरली, ‘आहेस का’ बाहेर पडलं, आणि ‘गं’ जाऊन दाराच्या फळीवर आपटलं.

दार आतून किल्लीनं बंद होतं.

आत ऑर्फा कपाटाला पाठ लावून उभी होती. हातात चुलीतले निखारे ढकलायची सळई. तो आला, एवढंच तिच्या मनात होतं. आठवडाही थांबला नाही, आलाच. मग बाहेरून कुणीतरी स्वीडिश भाषेत एक जुनी, सणसणीत शिवी हासडली, आणि ऑर्फानं सळई ओट्यावर ठेवली. तिच्या नवऱ्याला, वॉरन टीगला, स्वीडिश येत नव्हतं.

“हिल्मामावशी?” तिनं दाराच्या काचेवरचा पडदा बोटभर सरकवला.

“नाही, तिचं भूत. दार उघड, पाव निवतोय.”

उघडायला वेळ लागला. हिल्मा आत आली ती एका हातानं कपाळ चोळत आणि दोन डोळ्यांनी सगळं घर मोजत. एक सुटकेस, तीही न उघडलेली. एक कप. ओट्यावर सळई.

“बरं नाही का तुला?”

“बरी आहे मी, मावशी.”

“मग कपडे घालायचे राहिले होते?”

“नाही गं.”

“मग दार कशासाठी लावलंस?”

“सवय. शिकागोला लावतात.”

“शिकागोला गटारंही झाकतात म्हणे,” हिल्मा म्हणाली. “आमची किल्ली मी शेवटची पाहिली ती लढाईच्या आधी. त्या किल्लीनं आमचा ॲल्बिन रंगाचे डबे उघडायचा.”

पाव कापताना ऑर्फाची बाही वर सरकली. मनगटावर पिवळट निळा पट्टा होता, बोटं मोजता यावीत असा. तिनं घाईनं बाही ओढली आणि कुणी विचारलेलं नसतानाच म्हणाली, “दारात सापडला हात.”

हिल्मानं कॉफीत साखर ढवळली. खूप वेळ ढवळली. “शिकागोतली दारं फारच आगाऊ दिसतात,” ती म्हणाली आणि उठली.

आता या मुलीची मागची गोष्ट सांगायला हवी, कारण गावानं ती त्याच दुपारी, चर्चच्या तळघरात गोधड्या शिवताना, नव्यानं सांगायला घेतली होती.

ऑर्फा ही ॲक्सल लिंडक्विस्टची एकुलती एक. आई लहानपणीच गेली. बाप घरं रंगवायचा आणि बोलायचा कमी, इतका कमी की त्याचं मत हवं असेल तर तो कुठला रंग कालवतोय ते पाहावं लागे. ऑर्फा एकोणीस वर्षांची असताना त्या घराचं पुढचं दार वाजलं. हॅरो क्रीकमध्ये पुढचं दार वाजवणारे तीनच: पाद्री, फिरता विक्रेता, आणि मयताचं पाहणारा स्टोन, जो एरवी जिल्ह्याच्या गावी सोफे आणि पलंग विकतो. बाकी सगळं जग मागच्या दारानं येतं. ऑर्फानं दोन्ही हातांनी ओढून ते फुगलेलं दार उघडलं, तर समोर हॅट काढून वॉरन टीग उभा. हातात ब्रशांची पेटी, बोटात पिवळ्या खड्याची अंगठी, चेहऱ्यावर असं हसू की समोरच्याला आपण आजच सुंदर झालो असं वाटावं. त्या उन्हाळ्यात गावातल्या बायकांनी जितके ब्रश घेतले तितके दात कुणाच्या तोंडात नव्हते. ऑर्फानं ब्रश घेतला नाही. ती ब्रशवाल्याबरोबरच गेली.

ती गेली त्याच आठवड्यात ॲक्सलनं घर पांढरं रंगवलं, आणि रंगवताना पुढचं दार चौकटीसकट रंगाच्या एकाच हातात बुजवून टाकलं. फटी, बिजागऱ्या, किल्लीचं भोक, सगळं. रंग वाळला आणि दाराची भिंत झाली. पुढं दर दोन वर्षांनी तो वर नवा हात देत राहिला. कुणी विचारलं तर म्हणे, “वारा येतो.” गेल्या पानगळीत तो दवाखान्यात वारला. पोरगी आली नाही. गावानं ते मनात ठेवलं, आणि आमचं गाव मनात ठेवतं म्हणजे काय करतं हे काही निराळं सांगायला नको.

ऑर्फाला तार मिळाली होती. तिनं कोटही अंगात घातला होता. वॉरननं तो उतरवून घेतला, हँगरला नीट टांगला, कपाटाला कुलूप लावलं आणि विचारलं, “जेवायला काय आहे?” आवाज चढवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. घराची किल्ली त्याच्या खिशात असायची, तरी रोज संध्याकाळी तो अंगठीच्या खड्यानं दारावर हळूच ठोठवायचा. टक. टक. टक. आणि थांबायचा. दार तिनंच उघडायला हवं. किती वेळात उघडते यावर संध्याकाळ कशी जाणार ते ठरायचं. एकदा तो म्हणाला होता, “कधी गेलीसच, तर मी पोलिसांत जाणार नाही, ऑर्फा. सरळ तुझ्या बापाच्या घरी येईन. तुला दुसरं आहेच कुठं?”

खरंच नव्हतं. म्हणूनच ती इथं आली होती. सापळा कुठं लावलाय ते ठाऊक असलेला उंदीर त्याच वाटेनं जातो, कारण घरात वाट तेवढीच असते.

आठवडे गेले. बर्फ वितळून अंगणात चिखल झाला, चिखल वाळून वारा सुटला. ऑर्फा दार लावून राहिली. भाकरीतुकड्याला दुकानात जायची ती दुपारी, गल्ली निजलेली असताना, आणि येताना दर झाडाआड थांबून रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर वाचायची. इलिनॉयची, म्हणजे शिकागोकडची, पाटी दिसली की ती गाडी जाईपर्यंत झाडाआडच राहायची. कुंपणाच्या फळीवर सुतारपक्षी टकटक करायला लागला की ती हातातला कप खाली ठेवायची आणि मोजायची. तीनवर थांबला नाही की परत उचलायची.

आणि गाव? गावाला कडीकुलूप म्हणजे अपमान. दार लावणारा माणूस काहीतरी लपवतो, आणि लपवलेलं काय ते सांगायला चर्चच्या तळघरात आठ सुया तयार होत्या.

“बाटली आहे घरात,” एमिलची बायको म्हणाली. ती बाटलीवर घरचाच अधिकार सांगायची.

“बाटली नाही, बाप्या आहे,” पोस्टातली व्हर्ना म्हणाली. “पडदे बघा ना.”

“बाप्या असता तर धुणं दिसलं असतं,” हिल्मा म्हणाली. “एक पायमोजा नाही दोरीवर.”

“मग तुम्हीच सांगा काय आहे ते. तुम्ही जाता की आत.”

हिल्मानं टाका घातला, दोरा दातानं तोडला. “दमलीय पोरगी,” एवढंच म्हणाली. हिल्माला काही माहीत असून ती सांगत नाही, असं त्या तळघरानं कधी पाहिलं नव्हतं.

एप्रिलमध्ये ऑर्फाला ताप आला. खोकला, कणकण, चार दिवस ती पलंगावरून उठलीच नाही. धुराडं थंड. दुधाच्या बाटल्या पायरीवर तशाच. हिल्मानं दोनदा मूठ फिरवून पाहिली, दोनदा हाक मारली. आतून तापाच्या ग्लानीत काही उत्तर आलं नाही.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, लख्ख उन्हात, घामानं भिजून ऑर्फा जागी झाली. अंग हलकं वाटत होतं. स्वयंपाकघरात जाऊन ती पाणी प्यायली, केस बांधले. बाहेर मेडोलार्क पक्षी मोकळ्या गळ्यानं गात होता. आज अंडं उकडावं, असं तिच्या मनात आलं. बऱ्याच दिवसांनी भीतीआधी भूक आली होती.

तेवढ्यात पुढच्या दारावर वाजलं.

टक. टक. टक.

तिनं पेला खाली ठेवला नाही. तो हातातून केव्हा निसटला आणि फुटला, ते तिला कळलंही नाही. पुढच्या खोलीच्या पडद्याच्या फटीतून लांबलचक काळी गाडी दिसत होती, धुळीनं माखलेली. काळा ओव्हरकोट. हॅट हातात, छातीशी धरलेली.

“ऑर्फा,” दारापलीकडून आवाज आला. मऊ, साखरेत घोळलेला. “उघड. मी रागावलो नाहीये.”

हे वाक्य तिला पाठ होतं. यापुढचंही.

तिचे पाय दाराकडं निघाले. तिनं ठरवलं नव्हतं. पायांना बारा वर्षांची सवय होती. दाराशी जाऊन तिनं मूठ धरली, फिरवली, ओढली. दार हललं नाही. पुन्हा ओढली. बापानं वर्षानुवर्षं दिलेले रंगाचे हात चौकटीला घट्ट धरून होते. बाहेरून वॉरनही ढकलत होता. तो ढकलतोय, ती ओढतेय, आणि मध्ये वारलेला ॲक्सल लिंडक्विस्ट, नेहमीसारखा एक शब्द न बोलता उभा.

तिनं हात काढून घेतला. तळव्याला पांढऱ्या रंगाची पापडी चिकटली होती. तिच्याकडं बघत ती मागं सरली. एक पाऊल, मग आणखी एक.

“दुसरं दार असेलच,” बाहेरचा आवाज म्हणाला. घाई मुळीच नव्हती. व्हरांड्यात बसून त्यानं आधी एक सिगारेट संपवली, मग फळ्या करकरल्या.

इथं जरा रस्त्यापलीकडं जाऊ. आपल्या खिडकीत हिल्मा ऑस्टरबर्ग उभी होती आणि तिनं हिशेब मांडला होता. चार दिवस पोर दिसली नाही. धूर नाही. दूध पायरीवर. आणि आता पुढच्या दारात काळ्या कोटातला माणूस, हॅट काढून. पाद्री म्हणावा तर पाद्र्याची गाडी खोकल्याशिवाय चालत नाही. विक्रेता म्हणावा तर हातात पेटी नाही. उरला कोण?

“ॲल्बिन,” तिनं नवऱ्याला हाक मारली, “काळा कोट घाल. ऑर्फा गेली. स्टोनचा माणूस आलाय.”

तिनं डोळे पुसले आणि फोन उचलला. आमच्याकडं एका तारेवर सात घरं. एकीनं उचलला की सातही उचलतात. मयत म्हटल्यावर कुणी रडत बसत नाही; आधी बटाटे भट्टीत जातात. कुणाचे दुपारच्या जेवणाचे तयारच होते, तेच भांडं फडक्यात गुंडाळून तिनं उचललं. बुडाला चिकटपट्टीवर आपलं नाव आहे ना, तेवढं पाहिलं. मयतघरी भांडी हरवतात.

तर ऑर्फा मागच्या दाराच्या काचेशी आली तेव्हा तिला दिसलं ते असं: परसातून, वाळत्या चिखलातून, बायका येत होत्या. दोन्ही हातांत झाकलेली भांडी. व्हर्ना, एमिलची बायको, सगळ्या. पुढं हिल्मा, नाक लाल. ही चाल ऑर्फा लहानपणापासून ओळखत होती. आई गेली तेव्हा याच काचेतून तिनं अशाच बायका येताना पाहिल्या होत्या. कोण गेलं? आणि मग कळलं, या घरात जायला दुसरं आहेच कोण.

हिल्मा पायरीवर पोचली, वर पाहिलं, आणि काचेपलीकडं मेलेली ऑर्फा तिच्याकडं पाहत होती.

“अगं बाई,” हिल्मा म्हणाली. तिच्या आवाजात हायसं वाटणं होतं, आणि लपवलं तरी थोडी निराशाही होती. “तू जिवंत आहेस?”

“हो, मावशी.”

“मग उघड की. बटाटे हात भाजतायत.”

ऑर्फानं किल्लीला हात लावला. घराच्या कडेनं, भिंतीला लागून, पावलं येत होती. सावकाश. वाटेत अंगठी फळ्यांवर वाजत होती, टक, टक, टक, पोरं कुंपणावर काठी वाजवत जातात तशी. किल्ली फिरवली की हे दार त्यालाही उघडं. न फिरवावी तर बायका पायरीवर, तो पायरीवर, आणि तो हसून म्हणणार, मी तिचा नवरा, तिला जरा बरं नाही, आपण सगळ्यांनी घरी जावं. आणि लोक जातात. शिकागोतले शेजारी दरवेळी गेले होते. लावायचं एवढंच तिच्या बोटांना येत होतं.

“ऑर्फा,” हिल्मा काचेला तोंड लावून हळू म्हणाली. ती ऑर्फाकडं बघत नव्हती. घराच्या कोपऱ्याकडं बघत होती, जिथून अंगठीचा आवाज येत होता. “ते शिकागोचं दार आलंय का?”

ऑर्फानं मान डोलावली, आणि किल्ली फिरवली.

स्वयंपाकघर भरलं. बायका नेहमीसारख्या एका दमात आत शिरल्या, टेबल भरलं, खिडकीची चौकट भरली. कुणी कॉफी चढवली, कुणी केर काढून फुटका पेला गोळा केला. कुणीही ऑर्फाला काही विचारलं नाही, पण ज्या-त्या बाईनं जाता-येता तिला हात लावून पाहिला, गरम आहे ना म्हणून.

वॉरन दारात आला तेव्हा आत पाय ठेवायला जागा नव्हती. तो हसला. तेच हसू, फक्त दात आता जरा पिवळे होते.

“नमस्कार, बायांनो. मी ऑर्फाचा नवरा.”

“हां, तो ब्रशवाला,” हिल्मा म्हणाली. “तुमच्या ब्रशाचे केस आठवड्यात गळाले होते.”

“माझ्या तर तीन दिवसांत,” व्हर्ना म्हणाली.

“कुणाचं काही झालंय का?” त्यानं भांड्यांकडं पाहिलं. “मी वाईट वेळी आलो वाटतं.” आणि मग, बायकांच्या डोक्यांवरून, हळू आवाजात, “ऑर्फा. कोट घाल.”

चुलीवर कॉफी उकळत होती. ऑर्फा टेबलापलीकडं उभी होती. तिची मान खाली गेली, सवयीनं. खाली बटाटे होते, भाजलेले, वर तांबूस साय. मांसाचे गोळे. जेलीचा थरथरणारा डोंगर. तिच्यासाठी केलेलं सगळं. तिच्या मरणाचं जेवण.

“मी येणार नाही, वॉरन,” ती म्हणाली. आवाज इतका बारीक की एमिलच्या बायकोनं ऐकायला मान पुढं केली. “ऑर्फा वारली. बघ ना. जेवण आलंय.”

त्याचं हसू जागेवर राहिलं, पण डोळ्यांतून उतरलं. तो एक पाऊल पुढं सरकला, तर समोर हिल्मा, दोन्ही हातांत गरम भांडं, जराही न हलता. झाकण वाजत होतं. भांडं मात्र तिनं छातीएवढ्या उंचीवर धरून ठेवलं. वॉरननं तिच्याकडं पाहिलं, मग मागं. अंगणात गावातले पुरुष उभे होते. मयताला आलेले: काळे कोट, हॅट हातात, माना किंचित खाली. काळ्या गाडीभोवतीही होते. कुणी त्याला काही म्हणालं नाही. मयताला आमच्याकडं पुरुष बोलत नाहीत, फक्त उभे राहतात.

त्यांच्यामधून त्याला चालत जावं लागलं. ॲल्बिननं त्याच्यासाठी गाडीचं दार उघडून धरलं, अदबीनं. वॉरन बसला, काच खाली केली आणि घराकडं पाहत म्हणाला, “मला घर माहीत आहे.”

“आता आम्हालाही तुमची गाडी माहीत आहे,” ॲल्बिन म्हणाला.

गाडी गेली. धूळ बसेपर्यंत सगळे उभे. मग जेवण झालं, कारण झालेलं अन्न टाकत नाहीत, आणि मेलेल्या बाईनं दोनदा बटाटे घेतले.

भीती काही त्या गाडीत बसून गेली नाही. ऑर्फा दार लावतच राहिली. पण आता मूठ फिरवण्याआधी बायका पायरीवरूनच हाक मारायला शिकल्या, आणि व्हर्ना तर येताना खोकायची, मैलभर ऐकू जाईल असं.

चार-पाच दिवसांनी ऑर्फा घासलेली भांडी परत द्यायला निघाली. रिकामं भांडं परत देत नाहीत, म्हणून प्रत्येकात तिनं थोडा केक ठेवला होता. बुडाखालच्या पट्ट्यांवरची नावं वाचत, झाडांआड न थांबता, ती शेवटी हिल्माच्या परसात आली. बारा वर्षांत विसरली होती असं तिला वाटलं होतं, पण अंगाला आठवत होतं. एका हातात भांडं, दुसऱ्यानं मूठ, खांदा दाराला, आणि “आहेस का गं—”

कपाळ फळीवर आपटलं. केक फडक्याखाली घसरला.

आत काहीतरी पडलं. मग अगदी बारीक आवाज आला, हिल्माचा तो कधीच नव्हता. “कोण आहे?”

“मी आहे, मावशी. ऑर्फा.”

“एकटीच आहेस?”

“एकटीच.”

आतून किल्ली खडखडली. एकदा, दोनदा, जोरात.

“उघडत नाही गं ही,” हिल्मा म्हणाली. तिला रडू येत होतं, पण ते ती रागात बसवत होती. “ॲल्बिननं रंगाचे डबे उघडून वाकवून ठेवलीय. कालपासून असंच चाललंय. लागते, उघडत नाही.”

ऑर्फानं भांडं पायरीवर ठेवलं आणि कपाळ चोळत दाराला कान लावला.

“घाबरू नकोस,” ती म्हणाली. “आधी दार आपल्याकडं ओढून धर. धरलंस? आता हळूच डावीकडं फिरव. जोर नको लावूस. मी आहे इथंच.”